द्रावणाला श्वास लागतो

२ फेब्रुवारी

आजपासून रोज लिहायचं. कुणी वाचावं म्हणून नाही. घरात माझं कुणी ऐकून घेत नाही, निदान इथे तरी मध्ये कुणी बोलणार नाही.

सकाळी जिन्यात शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, युनिफॉर्मची उंची कमी करायला घेऊन आले होते, किती वेळ बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही, गेले परत. बाबा तेव्हा घरातच होते. मागच्या खोलीत, शिलाई मशीनवर, दाराकडे पाठ करून. त्यांना ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आहे, पण ते घातलं की मशीनचा आवाज ट्रकसारखा येतो म्हणून काढून ठेवतात. दुकान बंद केल्यापासून घरीच बारीकसारीक कामं घेतात. उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं. पैशासाठी नाही. पण ज्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही त्या दिवशी अर्धी पोळी ताटात टाकून उठतात.

फार संताप आला. नक्की कुणाचा ते ठरलं नाही, पण आला.

उपाय सोपा आहे. बेल दाबली की मशीनसमोर दिवा लुकलुकला पाहिजे. हे मी दुपारी बोलून दाखवलं तर नेमका तिथे मेहुणा बसलेला, हिचा धाकटा भाऊ. म्हणे असा दिवा तयार मिळतो, प्लग लावला की झालं, आत्ता मागवतो. तळपायाची आग मस्तकात गेली. या इसमाने जन्मात स्वतःच्या हाताने फक्त पार्सलं फोडली आहेत. माझ्या बापाचा दिवा मी करणार. सर्किट मी काढणार, सर्किटची पाटी मी करणार, पाटीवरचं तांबं खाणारं द्रावणसुद्धा मीच घरी बनवणार. सगळं ठणकावून सांगितलं. ही म्हणाली, बरं. तिचं ते ‘बरं’ मला चांगलं ओळखता येतं.

बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, दोन रविवारांत दिवा. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, घाई नाही. घाई नाही म्हणजे काय? विश्वास नाही असं सरळ सांगावं माणसाने.

९ फेब्रुवारी

पहिला रविवार. सर्किट तयार. (कागदावर.)

इलेक्ट्रॉनिक पार्टवाल्याकडे गेलो. तांबं चढवलेली पाटी मागितली. पद्धत अशी की जिथे तांबं राहायला हवं तिथे शाई चढवायची आणि पाटी द्रावणात बुडवायची. उघडं तांबं द्रावण खातं, शाईखालचं उरतं, त्या झाल्या करंटच्या वाटा. पार्टवाला म्हणाला, त्याची तयार पावडर आहे, पाण्यात कालवली की झालं. मी म्हटलं, तयारच आणायचं असतं तर मेहुणा काय वाईट होता. तो कोणता मेहुणा विचारत बसला. निघून आलो.

संडास साफ करायचं ॲसिड हार्डवेअरच्या दुकानातून, पेरॉक्साइड मेडिकलमधून. मेडिकलवाल्याने विचारलं जखम कुठे आहे. म्हटलं, घरी.

जागा म्हणून बाबांची मागची खोली घेतली. रविवारी ते बाहेर हॉलमध्ये खुर्चीत पेंगतात, खोली रिकामीच असते. हिचे भांड्यांचे हातमोजे घातले, चष्मा घातला, मी काही बेजबाबदार नाही. ही म्हणाली खिडकी उघडा. खिडकी उघडली की समोरच्या काकू कसला वास म्हणून विचारणार, मग मी समजावून सांगणार, मग त्या आणखी विचारणार. खिडकी बंदच ठेवली. डोळ्यांतून पाणी आलं, पण द्रावण काय झालंय. बघत राहावं असं. शरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलं, बूच घट्ट पिळलं आणि बाबांच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवलं, कात्र्यांच्या आणि बॉबिनच्या डब्याशेजारी. बाबांनी काही म्हटलं नाही. त्यांना दाखवलं नाही.

११ फेब्रुवारी, ऑफिसात

हिचा फोन. कपाटात धडाड आवाज झाला, बाटली फुगली, बूच उडून फळीवर आपटलं. बाबांना पत्ताच नाही, ते शेजारीच चेन बसवत होते. ही फोनवर ओरडत होती. माझ्या काउंटरवर रांग होती. मी कुरियर कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो, दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकतो आणि सगळ्यांना एकच सांगतो, तक्रार नोंदवून घेतली आहे. तिलाही सवयीने तेच सांगितलं. फोन आपटला तिने.

संध्याकाळी पाहिलं तर चूक उघडच बाटलीवाल्यांची आहे. असली तकलादू बाटली. माझ्या द्रावणात जोर आहे याचा पुरावाच म्हणायचा. विचार केल्यावर लक्षात आलं की द्रावणाला श्वास लागतो. आतून हवा निघत असते, तिला वाट हवी. आता नवी बाटली, बूच नुसतं टेकवून ठेवलं. हे मी स्वतः शोधून काढलं. पार्टवाल्याला सांगणार नाही.

१६ फेब्रुवारी

दुसरा रविवार. पहिली पाटी.

गुळगुळीत कागदावर प्रिंट काढली, तांब्यावर उलटी ठेवली, इस्त्री फिरवली. शाई तांब्यावर उतरते. इस्त्रीच्या बुडाला थोडं काळं लागलं, ते हिच्या ओढणीला लागलं, त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पाटी द्रावणात टाकली, बशी हलवत बसलो. अर्ध्या तासात तांबं गेलं, वाटा उरल्या. सुबक. हिला बोलावून दाखवली. ती म्हणाली, छान आहे, पण ही अक्षरं उलटी का दिसतात.

सगळंच उलटं उतरलं होतं. डावीकडचं उजवीकडे. चिप बसवायला गेलो तर पाय चुकीच्या भोकात. प्रिंट काढण्याआधी चित्र आरशासारखं फिरवायचं असतं म्हणे. मग प्रिंटरने विचारायला नको का? रंगीत काढू का विचारतो, दोन्ही बाजूंनी काढू का विचारतो, नको त्या चौकश्या. नेमकी गरज असते तिथे गप्प.

बाबांनी उलटी पाटी हातात घेऊन फिरवून पाहिली. म्हणाले, अस्तर पण उलटंच कापायचं असतं. मला चिडवलं की समजूत काढली ते कळलं नाही. दोन्हींचा राग आला.

२० फेब्रुवारी

या आठवड्यात बाबांकडे चार गिऱ्हाइकं येऊन गेली. एकही परत गेलं नाही. नर्सबाईसुद्धा युनिफॉर्म देऊन गेल्या. म्हणजे बाबांच्या कानात फरक पडतोय. मी हल्ली त्यांच्याशी रोज मोठ्याने बोलतो, त्याचा हा परिणाम. डॉक्टरने एवढं महागडं यंत्र गळ्यात मारलं, त्यापेक्षा घरातल्या माणसाने जरा घसा ताणला असता तर काम झालं असतं. तरी दिवा होणारच. कान सुधारले म्हणून काय झालं.

बाबांनी टाचण्यांची डबी पुढे केली. सगळ्या टाचण्या तांबूस, एकमेकींना चिकटलेल्या. हूकसुद्धा. मी म्हटलं हलका माल, हल्ली पोलादात दम राहिलेला नाही. त्यांनी मान डोलावली आणि टाचण्या कागदावर पसरून एकेक पुसायला घेतल्या.

मागच्या खोलीची कडी कुरकुरते. सुताराने काय बसवली आहे देव जाणे.

२३ फेब्रुवारी

दुसरी पाटी. या वेळी प्रिंट बरोबर फिरवून घेतली. एकदम झकास उतरली. बशीत टाकली आणि पाच मिनिटं झाली असतील तर मेहुण्याचा फोन. बाबा बरे आहेत ना, दिवा नीट चालतोय ना. म्हटलं कसला दिवा, अजून व्हायचाय. तो खोकला. मग म्हणाला, हो हो, तोच, होतोय ना नीट. टोमणा. त्याला जे सुनावायचं होतं ते सगळं आज सुनावलं. आमच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी याने माझी सायकल मोडली होती तिथपासून घेतलं. चांगला तासभर.

परत आलो तर पाटीवर तांबंच नाही. शाईच्या कडेने आत शिरून द्रावणाने वाटासुद्धा खाल्ल्या. नुसती पिवळट फळी हिरव्या पाण्यात तरंगत होती.

याला सर्वस्वी मेहुणा जबाबदार आहे. पुढच्या वेळी फोन खोलीबाहेर. दार आतून लावायचं. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

२८ फेब्रुवारी

आज बाबांवर ओरडलो.

त्यांची मोठी कात्री. त्यांना शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी काम शिकून झाल्यावर दिलेली, आमच्या घरात तिने कुणी कागद कापला तर जेवण बंद. तिच्या पात्यांवर गंजाचे ठिपके. मधला स्क्रू फिरेना. मी म्हटलं, तेल कोण लावणार, आता कान गेले तसं लक्षही गेलं का. एवढ्या मोठ्याने बोललो की हे त्यांना ऐकू गेलं. म्हणाले, दर शुक्रवारी लावतो रे. एवढंच.

हिने स्वयंपाकघरातून येऊन सांगितलं की खोलीत ती बाटली आल्यापासून सगळं गंजायला लागलंय. हिला रसायन कळत नाही. बाटली कपाटात, कपाटाला दार, दार बंद. बंद कपाटातून कोण कुठे जाणार? ती म्हणाली कात्री पण त्याच कपाटात आहे. मी म्हटलं मग? ती म्हणाली, काही नाही, बरं.

डोकं फिरलं. जेवलो नाही. नंतर उठून खाल्लं.

४ मार्च, ऑफिसात

एक बाई सुऱ्यांचं पार्सल घेऊन आल्या. उघडलं तर सगळ्या सुऱ्या गंजलेल्या. खूप आरडाओरडा. मी शांतपणे सांगितलं, दमट हवेमुळे झालं असेल, कंपनी जबाबदार नाही. त्या म्हणाल्या, पार्सल तुमच्या गोदामात महिनाभर पडलं होतं. म्हटलं, तक्रार नोंदवून घेतली आहे. लोकांना कारण सांगितलं की पटत नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलं की बरं वाटतं.

७ मार्च

बाबांचं मशीन जड झालंय. चाक हाताने ढकलावं लागतं, टीप सुटते. दुपारभर ते खाली वाकून शटल काढून पुसत होते, तेल सोडत होते. मी सूचना दिल्या. त्यांनी कानाचं यंत्र काढून ठेवलेलं होतं.

मेहुणा हल्ली वरचेवर येतो. मी आलो की तो आणि बाबा बोलायचं थांबतात. हॉलमध्ये बाबांच्या खुर्चीसमोर प्लगवर कुणीतरी लोकरीची टोपी अडकवून ठेवली आहे. हिला विचारलं, प्लगला थंडी वाजते का. ती म्हणाली धूळ बसते म्हणून. या घरात प्लगची काळजी आहे. मी सकाळपासून शिंकतोय, त्याचं काही नाही.

नर्सबाईंचा युनिफॉर्म रखडलाय. मशीन चालत नाही म्हणून बाबांनी शेवटी हाताने तुरपून घेतला. त्यांना परवा रविवारी द्यायचाय. तरीही दिवा याच रविवारी. शब्द म्हणजे शब्द.

९ मार्च, सकाळी

तिसरी पाटी. ही बहिणीकडे गेली. बाबा हॉलमध्ये खुर्चीत. फोन हॉलमध्ये ठेवला. खिडकी बंद, दार बंद, कडी लावली. कडी सरकेना, दोन्ही हातांनी रेटली तेव्हा बसली. आता कुणी व्यत्यय आणू शकत नाही. आज हातून काहीतरी चांगलं होणार असं सकाळपासून वाटतंय.

तेच, थोड्या वेळाने

झाली. पाटी झाली. एकेक वाट केसासारखी. उचलून उजेडात धरली आणि खरं सांगतो, दोनदा फिरवून पाहिली. आता बाथरूममध्ये नेऊन लगेच पाण्याखाली धरायची, नाहीतर अंगावरचं द्रावण खात राहतं.

तेच

कडी उघडत नाही.

तेच

कडीचा दांडा हातात आला. अर्धा. बाकीचा अर्धा आत अडकलाय. गंजून भुगा झालाय. सुताराला मी सोडणार नाही.

हाका मारल्या. बाबा, बाबा, बाबा. दारावर लाथा मारल्या. बाबांना ऐकू येत नाही हे मला कळतं. तरी मारल्या. फोन हॉलमध्ये. खोलीत पाण्याचा थेंब नाही. पाटी चिमट्यात धरून उभा आहे आणि द्रावण तिला डोळ्यांदेखत खातंय. कोपऱ्यातल्या खुंटीवर एक पांढरं कापड लटकत होतं त्याने खसाखसा पुसली. कापड लगेच हिरवं. तरी वाटा राहिल्या. निम्म्या.

वास फार आहे. खिडकी उघडली. समोरच्या काकू नेमक्या आज घरात नाहीत. एरवी चोवीस तास गॅलरीत.

संध्याकाळी

सगळं जसं झालं तसं लिहितो, कारण उद्या मला ते वेगळं आठवेल.

मी खिडकीत तोंड घालून बसलो होतो. तेवढ्यात बाहेर बेल वाजली. मला वाटलं, आता पुन्हा तेच, जो कोणी आहे तो वाजवून वाजवून परत जाणार. तर खुर्ची सरकल्याचा आवाज. बाबांच्या चपला. दार उघडलं.

नर्सबाई. युनिफॉर्म न्यायला आल्या होत्या. माझी बोंबाबोंब त्यांनी ऐकली, बाबांना हाताला धरून मागच्या खोलीच्या दारापर्यंत आणलं. बाबांनी बाहेरून खांदा लावून एक धक्का दिला. कडी स्क्रूंसकट गळून खाली पडली. एकाही स्क्रूला आटे राहिले नव्हते.

नर्सबाईंनी आधी माझे डोळे पाहिले, पाणी लावलं, छाती तपासली. मग खोलीत पाहिलं. मग माझ्या हातातल्या कापडाकडे पाहिलं. म्हणाल्या, हा माझा आहे का.

त्यांचाच होता. बाबांनी तुरपलेला. पाठीवर हिरवा डाग, आणि डागाच्या मधोमध विरून कापड फाटत चाललेलं.

मी म्हणालो, तक्रार नोंदवून घेतली आहे. तोंडातून गेलं ते गेलं. बाबांनी युनिफॉर्म माझ्या हातातून काढून घेतला, पाण्याखाली धरला, पिळला. ठिगळ आतून लावतो म्हणाले, दिसणार नाही. मशीनचं चाक फिरवलं. फिरेना. सुयांची डबी उघडली. सगळ्या सुया तांबड्या. शेवटी नर्सबाईंनी पर्समधून स्वतःची सुई काढून दिली. बाबा खिडकीपाशी उजेडाला बसले आणि हाताने ठिगळ लावू लागले. उस्तादांची कात्री उघडत नव्हती म्हणून दोरा दाताने तोडला.

मी हॉलमध्ये येऊन बसलो. तेवढ्यात ही परत आली, किल्ली विसरली होती, तिने बेल दाबली. माझ्या डोळ्यांसमोर लोकरीच्या टोपीतून पांढरा उजेड लुकलुकला. टोपी काढली. खाली दिवा. छोटासा, गोल, तयार. बाबा मागच्या खोलीत सुई टोचत होते, तिथेही भिंतीवर तसाच दुसरा लुकलुकत होता. मोजपट्टी अडकवून झाकलेला.

फेब्रुवारीपासून. मेहुण्याने आणला, हिने लावला, बाबांनी टोपी दिली. तिघांनी मिळून. वर मी त्यांचे कान सुधारले म्हणून घसा फाडत फिरतोय.

आता मात्र संताप करायचा हे ठरवलंच होतं. चांगला, सगळ्यांना एकत्र बसवून. बाबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि दिव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी सुई थांबवली. म्हणाले, तुझा होईपर्यंत आहे तो. मेहुण्याला आधीच सांगून ठेवलंय, पोराचा झाला की परत न्यायचा. घाई नाही.



११ मार्च

रजा टाकली. द्रावण पार्टवाल्याकडे नेऊन दिलं, ते मोरीत ओतायचं नसतं, कुठे द्यायचं ते त्याला माहीत होतं. तो कोणता मेहुणा, हे त्याने पुन्हा विचारलं. म्हटलं, चांगला आहे तो.

मशीनचं डोकं मेकॅनिकने उचलून नेलं. होईल की नाही सांगत नाही. कात्रीला रॉकेल लावलं, तेल लावलं, सकाळपासून घासतोय. पातं थोडं हलतं. ठिपके जात नाहीत.

दुपारी हॉलमध्ये दिवा लुकलुकला. बाबा उठायच्या आत मी उठलो. दारात एक माणूस, हातात पँट, चेन बदलायची. शिंपीबाबा आहेत का. आहेत, पण मशीन बंद आहे म्हटलं. तो म्हणाला, अरेरे, इतकं चांगलं मशीन, काय झालं त्याला. दमट हवेमुळे, असं अगदी ओठांवर आलं होतं. मागे बाबा येऊन उभे राहिले होते. त्यांच्या कानात यंत्र नव्हतं. काहीही म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

माझ्यामुळे, म्हटलं.

तो माणूस जरा गोंधळला. पँट घेऊन गेला. दार लावलं तेव्हा बाबांनी विचारलं, काय म्हणाला. कानाजवळ जाऊन, हळू सांगितलं तर ऐकू जात नाही म्हणून मोठ्याने सांगितलं, मशीन आलं की परत येतो म्हणाला.